शॉट भरकटतो कुठे? रायफल नेमबाजांच्या प्रश्नांना उत्तरे

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रायफलविषयीचे प्रश्न पुष्कळ वाढले आहेत. बहुतेक पत्रांतली तक्रार एकाच जातीची असते: नेम कधी लागतो, कधी लागत नाही, आणि का लागत नाही ते उमगत नाही. या वेळी मुंबई आणि परिसरातल्या वाचकांची सहा पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या काही प्रश्नांची मुळेही तिथेच आहेत.

प्रश्न : मी दादरच्या एका महाविद्यालयात शिकते आणि एनसीसीमुळे आठ महिन्यांपूर्वी १० मीटर एअर रायफलकडे वळले. साठ शॉटमध्ये माझी गुणसंख्या कधी ५९८ तर कधी ६१२ असते. पहिली सिरीज (दहा शॉटची फेरी) चांगली जाते, १०.३, १०.४ असे शॉट लागतात आणि तिसऱ्या सिरीजमध्ये अचानक एखादा ८.९ येतो. मी लगेच साइटचे (नेम धरण्याच्या यंत्रणेचे) क्लिक फिरवते, पण पुढचा शॉट दुसऱ्याच बाजूला जातो. क्लबची रायफल जुनी आहे. नवी रायफल घेतली तर फरक पडेल का?

उत्तर : रायफलचा विचार सध्या बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातच तिच्या निर्दोषपणाचा पुरावा आहे, कारण जी रायफल एका सिरीजमध्ये १०.३ आणि १०.४ देते तिची नळी आणि साइट पुढच्या अर्ध्या तासात बिघडत नाहीत.

आधी आकडे समजून घेऊ. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्ऱ्याचे केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरवर असेल तर १०.० मिळतो आणि तिथून केंद्राकडे प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो. म्हणजे ६१२ गुणांच्या दिवशी, जेव्हा तुमची सरासरी १०.२ असते, तेव्हा तुमचा छर्रा सरासरीने केंद्रापासून पावणेदोन ते दोन मिलिमीटरवर जातो. ८.९ म्हणजे पाच मिलिमीटरच्या जरा पलीकडे. हे सगळे अंतर आपल्या करंगळीच्या नखाएवढे आहे आणि एवढ्या जागेत साइट हलवून शॉटचा पाठलाग करणे म्हणजे वाऱ्यावर हलणाऱ्या पानाला टेकू देण्यासारखे आहे.

अचूकता आणि सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा शॉट एकमेकांना चिकटून पण सगळे उजवीकडे गेले, तर सातत्य आहे आणि फक्त साइट सरकवायची आहे. दहा शॉट चारी बाजूंना विखुरले, तर साइट कितीही सरकवली तरी विखुरणे तसेच राहते, उलट मधला बिंदूही बिघडतो. तुमच्या बाबतीत दुसरा प्रकार घडतो आहे. म्हणून पुढचे चार आठवडे एक नियम पाळा. सरावात किमान वीस शॉट झाल्याशिवाय आणि त्या विसांचा मध्य डोळ्यांनी स्पष्टपणे एका बाजूला दिसल्याशिवाय क्लिकला हात लावायचा नाही. एकट्या शॉटवरून तर कधीच नाही.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. तरुणपणी एका राज्यस्तरीय स्पर्धेत सरावाचे शॉट, ज्यांना आपण सायटर म्हणतो, सुरू असताना मी प्रत्येक शॉटमागे दोन-तीन क्लिक फिरवत गेलो. स्पर्धा सुरू झाली तेव्हा रायफलचा मध्य नेमका कुठे आहे हे मलाच ठाऊक नव्हते. पहिल्या दहा शॉटमध्ये जे गमावले ते उरलेल्या पन्नासांत भरून आले नाही आणि परतीच्या गाडीत वही उघडून पाहिली तेव्हा दिसले, की सायटरच्या पहिल्या पाच शॉटचा मध्य पाहता साइट मुळातच बरोबर होती.

आता तिसऱ्या सिरीजकडे येऊ. पहिली सिरीज चांगली आणि तिसरी वाईट जाते, याचे सर्वांत मोठे कारण पाय असतात. उभ्या पोझिशनमध्ये शरीर जिथे आपोआप विसावते तिथे रायफलचा नेम असतो. यालाच नैसर्गिक नेमबिंदू म्हणतात. पंचवीस शॉटनंतर पाय दुखू लागतात, आपण नकळत वजन बदलतो, एखादा बूट जरासा फिरतो आणि नैसर्गिक नेमबिंदू शेजारच्या टार्गेटच्या दिशेने सरकतो. दोन पावलांत साधारण पस्तीस सेंटिमीटरचे अंतर असेल आणि एक पाऊल एक सेंटिमीटर मागे गेले, तर गणिताने नेम दहा मीटरवर अठ्ठावीस-एकोणतीस सेंटिमीटर सरकतो. तेवढा सरकलेला नेम तुम्ही डाव्या हाताच्या आणि खांद्याच्या स्नायूंनी ओढून पुन्हा काळ्या गोलावर आणता. रायफल गोलावर दिसते, पण ती तिथे धरून ठेवलेली असते. ट्रिगर सुटण्याच्या क्षणी स्नायू किंचित सैल पडतात आणि रायफल आपल्या मूळ जागेकडे परत निघते. तुमचा ८.९ बहुधा तिथे जन्मतो.

तपासण्याची रीत सोपी आहे. पोझिशन घ्या, गोल फ्रंट रिंगमध्ये, म्हणजे पुढच्या साइटच्या कड्यात आणा, डोळे मिटा, दोन सावकाश श्वास घ्या आणि डोळे उघडा. रायफल आता जिथे रोखलेली दिसेल तिकडे तुमचे शरीर बघते आहे. गोल डावीकडे सरकलेला दिसला तर रायफल ओढू नका, दोन्ही पावले अगदी किंचित वळवा. किंचित म्हणजे मिलिमीटरच्या हिशोबात. गोल वर किंवा खाली असेल तर पायांनी भागणार नाही, त्यासाठी डाव्या हाताची जागा किंवा बटप्लेटची (दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाची) उंची पाहावी लागेल. बरोबर जागा सापडली की खडूने दोन्ही बुटांची कड जमिनीवर आखून घ्या. वीस शॉट झाल्यावर खाली बघा. बूट रेषेबाहेर गेलेला पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण आपण हललो असे कोणालाच वाटलेले नसते. दर सिरीजच्या सुरुवातीला डोळे मिटून ही तपासणी केली, तर तिला वीस सेकंद लागतात आणि साठ शॉटसाठी ७५ मिनिटे असतात.

डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकले आहे की बाजूच्या स्नायूवर, हेही पाहा. हाड थकत नाही. रायफल हातांनी उचलून धरायची नसते, ती हाडांच्या रचनेवर ठेवायची असते. उंची वाढवायची असेल तर हाताची पकड बदला, खांदा उचलू नका. गाल चीकपीसवर दर वेळी त्याच जागी आणि तेवढ्याच भाराने टेकला पाहिजे, नाहीतर मागच्या छिद्रातून दिसणारा प्रकाशाचा गोल कधी पूर्ण, कधी चंद्रकोरीसारखा दिसतो आणि नेमात फरक पडतो. दोन साइटमधले अंतर पाऊण मीटरच्या आसपास असते. तिथे दशांश मिलिमीटरची चूक झाली तर टार्गेटवर ती सव्वा मिलिमीटरहून थोडी मोठी होऊन पोहोचते.

रायफल उजवीकडे किंवा डावीकडे कलण्याचे मोलही मोठे आहे. छर्रा दहा मीटर जाईपर्यंत सुमारे सोळा मिलिमीटर खाली पडतो आणि ती घट भरून काढण्यासाठी नळी मुळात किंचित वर रोखलेली असते. रायफल पाच अंशांनी कलली, तर ही उचल सरळ वर जात नाही, बाजूला झुकते आणि छर्रा कललेल्या बाजूला साधारण दीड मिलिमीटर सरकतो. दीड मिलिमीटर म्हणजे सहा दशांश. फ्रंट साइटवर पाण्याची छोटी पातळी (स्पिरिट लेव्हल) बसवणे नवोदितांना उपयोगी पडते, पण शॉटच्या आधी डोळे तिकडे अडकू देऊ नका. आधी पातळी पाहा, मग गोल.

राहिला ट्रिगर. रायफल गोलावर येते, स्थिरावते, तो काळ पाच ते आठ सेकंदांचा असतो. दहा सेकंद झाले की नजर थकते, मन आधीची प्रतिमा दाखवत राहते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. तेव्हा शॉट सोडून द्या, रायफल खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. शॉट सोडता येणे हे कौशल्य आहे आणि माझ्या मते नवोदित नेमबाजांमध्ये त्याचीच सर्वांत मोठी उणीव असते, कारण साठ शॉट म्हणजे साठ वेळा घोडा दाबायचा असे त्यांना वाटते. खरे तर नव्वद वेळा रायफल वर न्यावी लागली तरी चालेल, गुण साठच शॉटचे मोजले जातात. ट्रिगरचा पहिला टप्पा रायफल खाली येत असतानाच घेऊन ठेवावा आणि दुसऱ्या टप्प्यावर दाब एकसंध वाढवत न्यावा. सुटल्यानंतर किमान दोन सेकंद गोलाकडेच पाहत राहा. या विरामाला फॉलो थ्रू म्हणतात. छर्रा नळीबाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात, एवढ्या वेळात डोके वर उचलणारा नेमबाज छर्ऱ्याला आपल्या हालचालीने स्पर्श करून जातो.

प्रत्येक शॉटनंतर स्क्रीनकडे पाहण्याआधी मनात सांगा, हा शॉट कुठे गेला असेल. तुमचा अंदाज आणि स्क्रीन जुळू लागले, की उरलेली कारणे तुमची तुम्हालाच सापडू लागतील. त्या नोंदी वहीत ठेवल्या तर आणखी चांगले. तुमच्याच दादरच्या कीर्ती महाविद्यालयात असताना एनसीसीतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत सिडनीच्या २००० मधल्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या, तेव्हा महाविद्यालयातून सुरुवात झाली म्हणून उशीर झाला असे मनात आणू नका.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, सहा महिने क्लबच्या एअर रायफलवर सराव करतो आणि आता स्वतःची रायफल मागतो. कुठे खर्च करावा आणि कुठे थांबावे? आणि परवाना लागतो का?

उत्तर : परवान्याबद्दल आधी सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ कॅलिबरच्या, वीस जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलसाठी परवाना लागत नाही आणि स्पर्धेच्या एअर रायफली या मर्यादेच्या बऱ्याच आत असतात. तरीही गाडीतून जाताना खरेदीची पावती, क्लबचे ओळखपत्र आणि बंद केस, या तीन गोष्टी सोबत असू द्याव्यात. .२२ रायफलला मात्र परवाना लागतो.

पहिला खर्च बुटांवर आणि जॅकेटवर करावा, रायफलवर नव्हे. वाढत्या वयातल्या मुलाचे जॅकेट वर्षाच्या आत लहान होते हे खरे आहे, पण जुन्या मुलांनी वापरलेले जॅकेट क्लबमध्येच मिळते. ते अंगाला नीट बसणे महत्त्वाचे. मोठे होईपर्यंत चालेल म्हणून दोन मापे मोठे जॅकेट घेतले, तर मुलगा दर शॉटला वेगळ्या घडीवर टेकतो. मुंबईच्या दमट हवेत कॅनव्हासचे जॅकेट घामाने मऊ पडते आणि पावसाळ्यात बॅगेत गुंडाळून ठेवले तर त्याला बुरशी येते, म्हणून घरी आल्या आल्या रुंद हँगरला, पंख्याखाली, सावलीत टांगावे.

रायफल घेताना दस्त्याची लांबी आणि चीकपीस मुलाच्या शरीराला जुळवता येतात का, एवढेच पाहा. वजनाची वरची मर्यादा साडेपाच किलो आहे, म्हणून तेवढी जड रायफल चौदा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर द्यावी असे नाही. पाठीला बाक येत असेल तर वजने काढून टाका. जुनी रायफल घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवर छापलेली मुदत वाचा. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. तो घरीही वापरू नये, त्यात दोनशे बारच्या आसपास दाब असतो.

छर्ऱ्यांबाबत एक साधी चाचणी आहे. ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा वेगवेगळ्या मापांचे छर्रे मिळतात. तेच छर्रे एका रायफलीतून नाण्याएवढा आणि दुसऱ्या रायफलीतून वाटाण्याएवढा ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, देतात. तीन-चार प्रकारचे डबे घेऊन, रायफल टेबलावर आधार देऊन, प्रत्येकाचे दहा-दहा शॉट टाकून पाहा आणि जो डबा चांगला निघेल त्याच लॉटचे डबे घेऊन ठेवा. महाग ते चांगले असे इथे नसते. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा मुलाला हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा खायची सवय नको.

प्रश्न : मुलुंडला आमचे घर एका खोलीचे आहे. रेंजवर आठवड्यातून दोनदाच जाता येते, बाकीच्या दिवशी लोकलच्या गर्दीत रायफल घेऊन फिरणे नकोसे होते. घरी काही सराव करता येईल का?

उत्तर : करता येईल. काही बाबतींत तो रेंजपेक्षा चांगलाही होतो, कारण घरी स्क्रीन नसते. रेंजवर आपण गुणांकडे पाहतो, घरी फक्त रायफलकडे.

तीन मीटर मोकळी जागा पुरते. १० मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा असतो, म्हणून तीन मीटरवर नऊ मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा काळा ठिपका चिकटवा. साइटमधून तो तेवढाच दिसेल. उंचीचे गणितही जुळवून घ्या. रेंजवर टार्गेटचे केंद्र जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर असते. तुमच्या पोझिशनमध्ये साइट १५० सेंटिमीटरवर येत असेल, तर तीन मीटरवरचा ठिपका १४७ सेंटिमीटरवर लावा, म्हणजे नळीचा उतार तोच राहील. ही काळजी न घेता ठिपका डोळ्यांच्या सरळ रेषेत लावला, तर महिनाभर तुम्ही वेगळीच पोझिशन घटवत बसाल.

रायफल हातात घेतली की आधी नळी रिकामी असल्याची खात्री करा. छर्ऱ्यांचा डबा त्या खोलीतच ठेवू नका. रायफलमध्ये ड्राय फायरची, म्हणजे छर्ऱ्याविना ट्रिगर सोडण्याची, सोय असेल तर तीच वापरा. भिंत अशी निवडा की तिच्यापलीकडे दार, खिडकी किंवा गॅलरी नसेल. शेजाऱ्यांना एकदा नीट सांगून ठेवले तर चांगले, कारण चाळीत किंवा सोसायटीत केसबाहेर काढलेली रायफल पाहून कोणीही घाबरू शकते आणि त्यात त्यांची चूक नसते.

सराव वीस मिनिटांचा पुरे. त्यातली पहिली दहा मिनिटे ट्रिगरला बोट न लावता फक्त होल्ड करा: रायफल वर, स्थिर, वीस सेकंद, खाली, अर्धा मिनिट विश्रांती. उरलेल्या दहा मिनिटांत ट्रिगर सोडा आणि सुटल्यावर रिंगमधला ठिपका कुठे उडाला ते पाहा. तो उजवीकडे झटकला जात असेल तर बोट ट्रिगरला तिरके लागते आहे. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग आणि सरळ मागे जाणारी हालचाल, एवढेच तपासत राहा. नेमाची हालचाल स्क्रीनवर रेषेने दाखवणारे स्कॅटसारखे इलेक्ट्रॉनिक उपकरण क्लबमध्ये मिळाले तर महिन्यातून एकदा स्वतःची रेषा पाहून घ्यावी, पण ते विकत घेण्याची घाई नको.

प्रश्न : मी ५० मीटर प्रोन (पालथे पडून नेमबाजी) करतो. माझा ग्रुप आडवा अरुंद पण उभा लांबट पडतो, कधी कधी तर दहाच्या वर-खाली ओळच लागते. काडतुसे बदलून पाहिली. रेंज समुद्राकाठी आहे. पावसाळ्यात हे वाढते. कारण काय असावे?

उत्तर : उभी ओळ दोन ठिकाणांहून येते, श्वासातून आणि काडतुसांतून. ती वेगळी कशी ओळखायची ते आधी पाहू.

प्रोनमध्ये छाती जमिनीवर असते. श्वास घेतला की छाती वर जाते, दस्ता वर जातो आणि नळीचे टोक खाली जाते. सोडताना उलटे. म्हणून प्रोनचा नेमबाज श्वासानेच उभा नेम लावतो. तुम्ही दर वेळी निराळ्या पातळीवर श्वास थांबवत असाल, कधी अर्धा सोडून, कधी पूर्ण सोडून, तर गोलावर येण्यासाठी स्नायू वापरता आणि ओळ उभी पडते. पूर्ण सोडलेल्या श्वासाच्या नैसर्गिक विरामात गोल आपोआप रिंगमध्ये यायला हवा. तो वर राहत असेल तर कोपरांची जागा किंवा हँडस्टॉप (डाव्या हातापुढचा अडसर) पुढे-मागे करा. स्लिंग (रायफलला जोडलेला पट्टा) दंडावर फार घट्ट बसला असेल तर नाडीचे ठोके रिंगमध्ये दिसतात, तेही उभ्याच दिशेने. तो थोडा वर सरकवा किंवा एक भोक सैल करा.

आता काडतुसे. .२२ ची गोळी सेकंदाला साधारण सव्वातीनशे मीटर वेगाने निघते आणि ५० मीटरपर्यंत बारा सेंटिमीटरच्या आसपास खाली पडते. वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर टार्गेटवर सात-आठ मिलिमीटरचा उभा फरक पडतो. दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आहे हे लक्षात घेतले, तर एका लॉटमधल्या वेगाच्या असमानतेचा परिणाम कळतो. काडतुसांचे नाव तेच असले तरी लॉट बदलला की रायफलशी जुळणी बदलते. म्हणून तीन-चार लॉट घेऊन, रायफल आधारावर ठेवून, प्रत्येकी दहा-दहा शॉटचे किमान दोन ग्रुप काढा. पाच शॉटच्या ग्रुपवर विसंबू नका, नशिबाने लागलेले पाच शॉट पुष्कळ दिशाभूल करतात. एका प्रकारच्या काडतुसांवरून दुसऱ्यावर गेलात, तर नळीत आधीच्या वंगणाचा थर असतो, तेव्हा पहिले पंधरा-वीस शॉट हिशोबात धरू नका. तुमच्या 'बदलून पाहिली' या शब्दांवरून मला शंका येते, की नेमकी ही घाई झाली असावी.

स्क्रीन पाहण्याआधी मनात धरलेला अंदाज आणि प्रत्यक्ष शॉट जुळत असतील तर दोष तुमच्यात आहे. अंदाज दहाचा आणि शॉट वरच्या नवाला, असे वारंवार होत असेल तर काडतुसांकडे वळा, आणि त्याआधी दस्त्याचे दोन मुख्य स्क्रू घट्ट आहेत का ते पाहा.

पावसाळ्याबद्दल. समुद्राकाठच्या खारट दमट हवेत .२२ ची नळी दोन दिवसांत गंजू शकते. सराव संपल्यावर तेलाचा पातळ थर द्यावा आणि पुढच्या वेळी शॉट टाकण्यापूर्वी तो कोरड्या पॅचने पूर्ण पुसावा. तेलकट नळीतून गेलेला पहिला शॉट वेगळा लागतोच. भर पावसात अंधारून आले की काळा गोल रिंगमध्ये नीट दिसत नाही, त्यामुळेही उभा नेम बदलतो. मागच्या साइटचे छिद्र किंचित मोठे करून पाहा.

वाऱ्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण समुद्राकाठी राहून तो विषय टाळता येणार नाही. मुंबईत सकाळी बहुधा जमिनीकडून आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो. सेकंदाला तीन मीटरचा आडवा वारा .२२ च्या गोळीला ५० मीटरवर दीड सेंटिमीटरच्या आसपास ढकलतो, म्हणजे थेट नवात. तुमचा ग्रुप आडवा अरुंद आहे, याचा अर्थ वारा तुम्हाला वाचता येतो. हे कठीण काम तुम्ही आधीच साधले आहे.

प्रश्न : वय ५२, गेली तीस वर्षे एअर रायफल करतो. आता चष्म्यातून फ्रंट रिंग धूसर दिसते. काय करावे?

उत्तर : चाळिशीनंतर हे सर्वांनाच होते. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसते आणि नेमबाजीत ते फ्रंट रिंगचे असले पाहिजे. काळा गोल किंचित धूसर राहिला तरी बिघडत नाही. नेत्रतज्ज्ञांना लांबच्या नंबरमध्ये साधारण अधिक (प्लस) अर्धा डायॉप्टर मिळवून नेमबाजीचा वेगळा चष्मा मागा आणि शक्य असल्यास फ्रंट रिंगच्या अंतरावर एक कागद धरून त्यांच्यासमोरच पाहा. प्रोग्रेसिव्ह काच मात्र नको, डोके किंचित हलले तरी नंबर बदलतो. फ्रंट रिंग मोठ्या मापाची घेऊन पाहा. गोलाभोवतीची पांढरी कड रुंद झाली की नेम ढिला होईल असे वाटते, पण वाढत्या वयात रुंद कड डोळ्यांना कमी थकवते आणि शॉट लवकर सुटतो. दुसरा डोळा मिटू नका, त्याच्यासमोर पांढुरका पडदा ठेवा. एसी गाडीतून उतरून रेंजवर आल्यावर काचेवर धुके धरते, म्हणून तयारीच्या आधी दहा मिनिटे चष्मा बाहेर काढून ठेवावा.

प्रश्न : सरावात ६२० च्या आसपास गुण येतात, स्पर्धेत ६०५. छातीत धडधड होते आणि होल्डच लागत नाही. परळच्या आमच्या क्लबमध्ये सगळे म्हणतात, मन खंबीर कर. कसे?

उत्तर : 'मन खंबीर कर' हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यातून हाताला काही काम मिळत नाही. धडधड थांबत नाही. ती असतानाच काय करायचे ते ठरलेले असावे लागते.

बीजिंगमध्ये २००८ साली १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत अभिनव बिंद्रा चौथ्या क्रमांकाने दाखल झाले होते. शेवटच्या शॉटपूर्वी ते आणि फिनलंडचे हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. बिंद्रांचा शेवटचा शॉट १०.८ लागला आणि हॅकिनेन यांचा ९.७. त्या एका शॉटने एकाला सुवर्ण आणि दुसऱ्याला कांस्य दिले. तीन वर्षांपूर्वी मी एका शिबिरात मुलांना हे सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, की शेवटच्या शॉटला त्यांनी वेगळे काय केले असेल. या प्रश्नातच गफलत आहे. सराव ज्या क्रमाने केला तोच क्रम शेवटच्या शॉटला वापरता यावा, यासाठी तो सराव असतो.

तेव्हा तुमचा क्रम कागदावर लिहा. पायांची तपासणी, छर्रा भरणे, रायफल खांद्यावर, गाल चीकपीसवर, एक पूर्ण श्वास, गोलाच्या वरून खाली येणे, पहिला टप्पा, विराम, दाब, फॉलो थ्रू, रायफल खाली. प्रत्येक पायरीला दोन-तीन शब्द. सरावातही हाच क्रम मोठ्याने नव्हे पण मनात म्हणत राहा. स्पर्धेत धडधड वाढली की मनाला शॉटचा विचार देऊ नका, पुढची पायरी द्या. छातीचा ठोका रिंगमध्ये दिसत असेल तर होल्ड सरावाइतका शांत होण्याची वाट पाहू नका, तो होणार नाही. थोडा मोठा झालेला होल्ड स्वीकारा आणि दाब चालू ठेवा. गोल मध्यावर आल्याच्या क्षणी ट्रिगर हिसकला, तर १०.१ चा होल्डही ८.७ चा शॉट होतो. दाब वाहता ठेवला तर तोच होल्ड बहुतेक वेळा दहाच्या घरात राहतो.

आठवड्यातून एकदा क्लबमध्ये सरावाला स्पर्धेचे रूप द्या. पंधरा मिनिटांचे सायटर, मग घड्याळ लावून साठ शॉट, मध्ये बोलणे नाही, आणि शेवटी गुण फळ्यावर लिहायचे. दोघा-तिघांनी मिळून केले तर आणखी बरे. स्पर्धेच्या दिवशी लोकलने येत असाल तर एक तास आधी पोहोचा, गर्दीत केस आपटली असेल तर साइटचे स्क्रू तपासा आणि सायटरचे पहिले दहा शॉट स्क्रीनवर गुण झाकून टाका. तुमचे सरावातले ६२० आणि स्पर्धेतले ६०५ यांच्यात साठ शॉटमागे पंधरा गुणांचा, म्हणजे शॉटमागे अडीच दशांशांचा, टार्गेटवर जेमतेम सहा-सात दशांश मिलिमीटरचा फरक आहे. पुढच्या स्पर्धेनंतर वही घेऊन पुन्हा लिहा आणि कोणत्या पायरीवर क्रम मोडला तेही कळवा.